लाँचवाल्याची अटक

पाटण, मंगळवार

तीर्थरूप नाथाजीमामांस शिवतेजचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि इस्लामपूरचा ऊस ठीक असावेत. (फोनवर तुम्ही आधी रागावता, मग ऐकता. म्हणून पत्र, एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलंय.) अंकिताला बाळंतपणाला कधी धाडताय, असं तुम्ही पुन्हा विचारलंत. तिला नववा लागला आहे. तब्येत उत्तम, काल रेंजसाठी टेकडी चढून ती माझ्याशी बराच वेळ भांडली. ती पोलीस चौकीच्या खोलीवर, कोयनेच्या पलीकडे. मी अलीकडे. मध्ये धरणाचं पाणी. (रस्ता मंजूर आहे. माझ्या जन्माआधीपासून.) लाँच चालवणारा नानासो कोठडीत आहे. त्याला मीच आत टाकला.

गुन्हा मोठा नाही. वरातीत त्यानं बँडवाल्याचा ढोल फोडला होता. कोर्टाच्या तारखांना तो आला नाही, कारण नेमके त्याच दिवशी आमचे साहेब पलीकडची कायदा-सुव्यवस्था पाहायला त्याच्या लाँचमधून जात. (सुव्यवस्था चांगली होती, कोंबडीही.) शेवटी वॉरंट निघालं. मी लाँचवर चढून कागद दाखवला. तो म्हणाला, "आवं सायेब, मला धरल्यावर लाँच कोन हाकनार? तुमी?" म्हटलं, तूच. मग आरोपीनं पोलिसाला सुखरूप अलीकडे आणलं, लाँच बांधली आणि आपणहून जीपमध्ये बसला. मला पोहता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. संधी सोडणाऱ्या माणसाची प्रगती होत नाही.

साहेबांनी शाबासकी दिली. लाँच चालवणारे पलीकडच्या गावचे आणखी दोघे अलीकडेच आहेत, पण सरपंच रंगूबाईंनी अंकिताच्याच फोनवरून मला कळवलं, "नानासो सुटल्याबिगर लाँचला कोन बी हात लावनार न्हाई. तुमी पवत या."

कोर्टानं काल जामीन मंजूर केला. जामीनदार जमीनवाला हवा. पलीकडे सगळ्यांच्या जमिनी आहेत, धरणाच्या तळाशी. कोर्टाला कोरडा सातबारा लागतो.

बाकी इकडे क्षेम. मामींना नमस्कार.

आपला जावई,
शिवतेज

ता. क. : तुमच्या उसाचा सातबारा घेऊन उद्याच पाटणला या. नानासोला जामीन राहायचं आहे.

ता. क. दोन : कोर्टात मला ओळख दाखवू नका. या अटकेसाठी साहेबांनी माझं नाव बक्षिसाला पाठवलंय.

ता. क. तीन : अंकिताचा निरोप. सुटला की तिला न्यायला एकट्या नानासोला धाडायचं. "लाँचमधी तुमी नका येऊ. मधीच कुनालातरी धराल."