ऐनाला बांधलेलं जांभळं लुगडं

प्रिय शेवंते,

आज झऱ्याला पाणी आहे गो! होळी होऊन गेली, अंबाडी गावच्या बाजारात आंबे आले, तरी आपल्या टेकडीखालचा झरा अजून बोलतोय. हे तुला सोडून आधी कोणाला सांगू? म्हणून नातीची पेन्सिल घेऊन बसले. अक्षरं तिरकी आली तर हसू नकोस. तू तर शाळेच्या दारावरून बकऱ्या हाकत गेलेली!

काल दुपारी पाण्यात पाय सोडून बसले, तिथंच डोळा लागला. तू समोरच्या दगडावर बसून करवंटीनं हंडा भरत होतीस. हंडा काही भरत नव्हता, आणि तुला घाईही नव्हती. "बाय, जरा थांब गो, पानी येतंय," म्हणालीस. जागी झाले, तर दगडावर एक खेकडा माझ्याकडे बघत बसलेला. तूच होतीस का गं?

त्या पाण्यावर आपण काय काय केलं! भेंडी लावली, वाल लावला, म्हशी धुतल्या. पावसाळ्यात रानातली शेवळाची भाजी घेऊन अंबाडीला विकायला बसायचो. तू गिऱ्हाइकाशी तोंड वाजवून भांडायचीस आणि मग वर मूठभर जास्तच द्यायचीस. असा धंदा असतो का?

तसंच तुझं राबाच्या वेळी. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला पुरुष माणसं ऐनाच्या फांद्या तोडायला निघाली, की तू वाट अडवायचीस. "फांद्या घ्या, शेंडा ठेवा. झऱ्याच्या माथ्यावर तर कोयताच न्हाय." ऐकेनात, तेव्हा जुनं लुगडं फाडून तिथल्या झाडांना बांधलंस. "ही माझ्या पदराखाली हायत. तोडायची तर आधी पदर सोडा!"

बाईच्या पदराला कोण हात लावणार? तुझे धनी चिडून म्हणाले, "झाडं बी सुना झाली काय आता?"

"सुनांपेक्षा बरी. उलट बोलत न्हायत," तू म्हणालीस. तुझी सून मंदा तुझ्या मागंच उभी होती, ध्यानात आहे ना!

मग तू देवाघरी निघून गेलीस. मला हाक तरी मारायचीस! तुझ्या चिंध्या विरल्या, कोयते वर चढले, शेंडे गेले. झरा आटला. भिवंडीहून टँकर यायचा, त्या पाण्याला रबराच्या पाइपाचा वास. बकऱ्यासुद्धा तोंड फिरवायच्या.

तुझा पोरगा बाळाराम कापडाच्या लूमवरची शिफ्ट करून दमून यायचा आणि रिकामा हंडा बघून भडकायचा. शेवटी त्यानं एक शेठ गाठला, गोदामांच्या भरावासाठी मुरूम नेणारा. "मोठी आई, त्या टेकडीत आता हाय काय?" मला, त्याच्या थोरल्या चुलतीला, विचारतो. टेकडी त्याच्या नावावर, मी काय बोलू? टेकडी खणली की झरा कायमचा गेला, एवढंच मनात घोळत राहिलं.

पण तुझी ती उलट बोलणारी सून! शेठ यायच्या सकाळी तिनं पेटीतनं तुझं जांभळं लुगडं काढलं आणि म्हणाली, "मोठी आई, चला." वाटेत बायका विचारायला लागल्या, कुठं निघालात? सांगितलं, तशी एकेक घरात जाऊन जुनेराची चिंधी घेऊन आली. ऐनाच्या बोडक्या बुंध्यांना तेव्हा कोवळे फुटवे आले होते गं. त्यांच्याभोवती आम्ही तुझ्या लुगड्याचा काठ आणि सगळ्यांच्या चिंध्या बांधल्या. वारा आला, तशी सगळी टेकडी नेसल्यासारखी दिसायला लागली.

शेठ वर आला आणि थबकला. "ये मन्नत के पेड़ हैं क्या?"

बाळारामनं ते जांभळं लुगडं ओळखलं. त्याचीच झोळी करून त्याला निजवायचीस ना तू? काठावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मेरी माँ के हैं, सेठ. वापस चलो."

शेंडे हळूहळू वर आले, झराही हळूहळू परतला. आता तुझे धनीच राबाच्या दिवसांत टेकडीखाली खाट टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडतात. अगदी तुझ्यासारखे!

तुझा जांभळा काठ उन्हानं पांढरा पडलाय. माझ्या हिरव्या लुगड्याचा काढून ठेवलाय. कोयते निघायच्या आधी तो बांधीन. माझे पाय थकले, तर मंदा बांधील, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. आणि करवंटी तुझ्याच दगडावर ठेवत जाईन, पालथी. येशील तेव्हा शोधायला नको.

तुझ्या मागून हंडा भरणारी,
तुझी बाय, धुरपा