वर्षश्राद्धाची उडी

तीर्थस्वरूप शिझुएताईस,

धाकट्या रियोसेनचा, घंटा वाजवून आणि अंगण झाडून झाल्यावर, स्वच्छ हातांनी केलेला नमस्कार. तुझ्या गरम झऱ्यावरच्या हॉटेलात यंदा पाहुणे बरे आहेत ना? दाजींचा खोकला कसा आहे? (त्यांनी सिगारेट सोडली असं ते म्हणतात की तू म्हणतेस, तेही कळव.) इकडे चहाची पहिली तोडणी संपली. देवळाचं छप्पर अजून जागेवर आहे. तुझ्या भावजयीची, कियोमीची, तब्येत उत्तम. माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

तुझ्या भावानं ऐन वर्षश्राद्धाच्या दिवशी जरीचं चीवर घालून चिखलात खेळण्यातला ट्रक पळवला, अशी बातमी तुझ्यापर्यंत आली असेल. बातमी खरी आहे. पण लोक ती अर्धी सांगतात, म्हणून सगळं लिहितो.

आमच्या गावचे चटईवाले माकिनो गेल्या वर्षी वारले. मी आमच्या मुख्य दालनातल्या त्यांनी विणलेल्या चटईवर बसूनच त्यांच्यासाठी सूत्रं म्हटली. भला माणूस. त्यांना एकच नाद होता, रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचा. हा ट्रक म्हणजे मांजराएवढा. चाकं जाडजूड, प्रत्येक चाकाला स्प्रिंग आणि तेल भरलेला शॉकप, आपल्या खऱ्या गाडीला असतो तसाच. अग्निशमन दलाच्या शेडमागे गावातल्या बाप्यांनी चिखलाची धावपट्टी केली आहे आणि तिच्या मधोमध एक मोठा उंचवटा आहे. दर रविवारी सगळ्यांचे ट्रक त्यावरून उडायचे आणि चार पायांवर उतरायचे. माकिनोंचा उडायचा आणि पडायचा. त्यांनी स्प्रिंगा बदलल्या, तेलं बदलली, कुठेकुठे शिशाचे तुकडे चिकटवले. ट्रकानं मात्र आपला स्वभाव सोडला नाही.

वर्षश्राद्धाच्या आधी त्यांची बायको तोमोएबाई देवळात आली. कापडात गुंडाळलेलं काहीतरी तिनं माझ्यापुढे ठेवलं. मला वाटलं खरबूज. (मी चहाही मागवला होता.) निघाला ट्रक.

"महाराज, सूत्रं म्हणून झाली की हा एकदा त्या उंचवट्यावरून उडवायचा. तुमच्या हातानं."

मला यातलं ओ की ठो कळत नाही, असं मी नम्रपणे सांगितलं.

"मेलेल्या माणसाचं पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक असतं, आणि एवढीशी गाडी चालवता येत नाही?"

मी ट्रक ठेवून घेतला. आणि ताई, तिथेच माझी बुद्धी फिरली. मी ठरवलं, माकिनोंना जन्मभर जे जमलं नाही ते मी जमवून दाखवायचं. ट्रक चार पायांवर उतरेल, तोमोएबाईच्या डोळ्यांत पाणी येईल आणि गावात देवळाचं नाव होईल.

मी माशाच्या वड्या विकणाऱ्या कानबेशेठकडे गेलो. माकिनोंना दर रविवारी हरवणारा तो हाच. (तोंडाने फटकळ. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक वड्यांसाठी येतं आणि टोमणे फुकट घेऊन जातं.) मी येण्याचं कारण सांगताच त्यानं दुकानाची फळी ओढली, हत्यारांची पेटी उचलली आणि माझ्या पुढे चालू लागला.

आम्ही मुख्य दालनातच मांडामांड केली. त्यानं ट्रक गुडघ्याच्या उंचीवरून चटईवर सोडला. नीट जुळवलेली गाडी धप्प बसते म्हणे, उड्या मारत नाही. ही मागून बेडकासारखी उसळली. मग त्यानं पुढे एक आणि मागे एक स्क्रूड्रायव्हर लावून, बरोबर मध्यावर ती उचलून धरली. ती लगेच डावीकडे कलली.

"डावी बाजू जड, मागच्या स्प्रिंगा दगडासारख्या, आणि पुढचा डावा शॉकप जवळजवळ कोरडा," कानबेशेठ म्हणाला. "महाराज, हा ट्रक नाही, हा खटारा आहे."

मग आम्ही तेल भरलं. दाट तेल मागे, जरा पातळ पुढे; मागच्या स्प्रिंगा मऊ; शिसं उजवीकडे. शिसं कियोमीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं आणि तेल तिच्या सोया सॉसच्या बशीत ओतलं. (बशी आम्ही धुतली होती. पुरेशी नाही, हे रात्रीच्या जेवणात कळलं. अबोल्याचं कारण तेच.)

सराव देवळाच्या पायऱ्यांवर केला. हवेत असताना मी घाबरून ब्रेक दाबायचो आणि ट्रक नाकावर आपटायचा. "हवेत ब्रेक लावला की नाक खाली जातं, जरा वेग दिला की वर येतं," असं कानबेशेठनं बजावलं. मी वेग दिला. जरा जास्त दिला. ट्रक दफनभूमीत शिरला आणि उजिहारांच्या घराण्याच्या समाधीपुढचा नैवेद्याचा गोड पाव बंपरवर घेऊन पलीकडे गेला. उजिहारा, म्हणजे आमच्या देवळाचे कारभारी, तिथेच डोळे मिटून हात जोडून उभे होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा पाव नव्हता. पूर्वजांनी स्वीकारला, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला. मी तो मोडला नाही.

श्राद्धाचा दिवस आला. सूत्रं झाली. मुंग्या आलेल्या पायांनी, काळ्या कपड्यांत, सगळी मंडळी लंगडत धावपट्टीवर आली. मी बाही दातात धरून रिमोटचा खटका ओढला. ताई, काय ती उडी! नाक सरळ, चाकं समांतर, आणि उतरला तो मांजरीनं गादीवर उतरावं तसा. टाळ्या पडल्या. मी तोमोएबाईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.

"ही कोणाची गाडी?" ती म्हणाली.

"माकिनोंचीच की."

"आमच्या ह्यांची गाडी पडायची. हा शहाणा कोण? मला आमची गाडी बघायची होती, महाराज. होती तशी करून द्या. त्याशिवाय मी जेवायला बसणार नाही."

आता यजमानीणच बसणार नाही म्हटल्यावर कोण बसणार? तिकडे हॉलमध्ये जेवण मांडलेलं, बिअर कोमट होत चाललेली. मंडळी हवालदिल झाली. गाडी कशी पडायची यावर चर्चा सुरू झाली. उजिहारा म्हणाले नाकावर. माकिनोंचा पुतण्या म्हणाला उजवीकडे. मी खटका ओढून, ब्रेक दाबून, दोनदा ती वेगवेगळ्या तऱ्हांनी आपटून दाखवली. तोमोएबाईनं दोन्ही वेळा नुसती मान हलवली. ताई, गाडी सुधारणं सोपं असतं गं. ती पूर्वीइतकी बिघडवायची कशी?

मग कानबेशेठ पुढे आला. तो काळ्या सुटातच चिखलात उकिडवा बसला. डाव्या शॉकपचं तेल त्यानं रुमालात ओतून टाकलं, शिसं डावीकडे नेलं, मागच्या जुन्या स्प्रिंगा खिशातून काढून पुन्हा घातल्या. (खिशातून! म्हणजे त्यानं त्या जपून ठेवल्या होत्या.)

"उतरताना आधी डावा पाय बसायचा," तो खाली मान घालूनच म्हणाला. "मग गाडी जरा विचार करायची. मग पडायची." मी हात पुढे केला तर त्यानं रिमोट तोमोएबाईला दिला. "महाराज नकोत. त्यांना आता नीट चालवता येतं."

तिनं तो आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला. ट्रक वेडावाकडा धावला, उंचवट्यावरून उडाला, डावा पाय टेकवून बसला. क्षणभर उभा राहिला. आणि हळूच डावीकडे आडवा झाला, चाकं गरगरत.

"पडलात ना पुन्हा!" तोमोएबाई ओरडली. "पुरे झालं आता. या जेवायला!"

कोणी हसलं नाही. तिच्याच लक्षात आलं ती कोणाला हाक मारत होती, आणि ती तशीच उभी राहिली. चाकं थांबेपर्यंत सगळे उभे होते. मग तिनं जाऊन ट्रक उचलला, स्वतःच्या रुमालानं त्याचा चिखल पुसला आणि म्हणाली, "हं. हाच." कानबेशेठनं तोंड फिरवून त्याच तेलाच्या रुमालात नाक शिंकरलं आणि जेवण संपेपर्यंत काळ्या मिशीनं वावरला. आम्ही कोणी त्याला सांगितलं नाही. दर रविवारी माकिनोंना हसणारा तोच ना? पण त्या पंगतीत त्याच्या पेल्यात बिअर तोमोएबाईनं स्वतः ओतली.

असो. मी विरक्त माणूस. या खेळण्यांचा मला मोह नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. दाजींना नमस्कार.

तुझा,
रियोसेन

ता. क. येत्या आठवड्यात तुझ्या हॉटेलच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक खोकं येईल. ते उघडू नकोस. कियोमीनं फोन केला तर झऱ्याच्या पंपाचे सुटे भाग आहेत असं सांग. मी तुमची ख्यालीखुशाली विचारायला म्हणून येईन आणि घेऊन जाईन. हे पत्र खरं तर त्यासाठीच.

ता. क. वन्सं, हे पत्र पेटीत टाकायला त्यांनी माझ्याच हाती दिलं, पाकीट चिकटवायला विसरून. खोकं सरळ देवळात पाठवा. दर रविवारी ते सूत्रं घोकत बसतात तेव्हा मी आणि तोमोएबाई शेडमागे असतो. एका ट्रकावर दोघींचं भागत नाही. — कियोमी