ठुशीचा तपास

कल्याण, १६ सप्टेंबर २०२४

ती. गुरुदत्तदादास, कृ. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर रतन ऐकेल, म्हणून पत्र. गुरुवारी गौरी गेल्या आणि आईची ठुशी दिसेना. कपाट तीनदा उपसलं. त्या दिवसांत घरात बाहेरचं माणूस एकच, भांडी घासायला येणारी रतन. आठ वर्षं येतेय, पण हल्ली मान वर करून बघत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही. जुने डिटेक्टिव्ह सिनेमे बघून आम्हाला अक्कल शिकवतोस ना, आता ती वापर.

धाकटीवर माया असू दे.
तुझी, उत्तरा


बाळकुम, २३ सप्टेंबर

चि. उत्तरास, अनेक आशीर्वाद.

त्या सिनेमांतला खरेपणा मला आवडतो. डिटेक्टिव्ह हाणामारी करत नाही, नुसते बूट झिजवतो. मीही दोन दिवस रतनच्या मागे शहाडपर्यंत चालत गेलो. टाचेला फोड आलाय, वहिनी हसतेय. काल ती सराफाकडे शिरली आणि कमरेची पुडी काढली. पुढचं दिसलं नाही, पण आणखी काय हवं? तिला कामावरून काढ. पोलीस नकोत, शेजाऱ्यांना मात्र सावध कर.

तब्येत सांभाळ, खुशाली कळवत जा.
तुझा दादा


कल्याण, ४ सप्टेंबर २०२५

ती. दादास, सा. न.

नमस्कार केलाय, पण रागावलेय, तुझ्यावर आणि माझ्यावरही. आपल्याकडे गौरीचे मुखवटे एकदा गुंडाळले की वर्षभर सोडत नाहीत. रविवारी सोडले, तर धाकट्या गौरीच्या गळ्यात ठुशी तशीच. गुंडाळलं मीच होतं रे.

काल शहाडला रतनकडे गेले. त्या दिवशी सराफाकडे तिने स्वतःची जोडवी देऊन नातीला वाळे घेतले होते. माझ्या बोलण्यामुळे बिल्डिंगमधली तिची चारही कामं सुटली. परत ये म्हटलं, तर नको म्हणाली. ज्या दारांत मला चोर म्हणालात, त्याच दारांत जाऊन खरं सांगा, एवढंच म्हणाली. तुलाही तिने तेव्हाच पाहिलं होतं. म्हातारा माणूस धापा टाकतोय म्हणून दोनदा थांबली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सगळीकडे जाऊन आले. शेवटी सरोजताईंकडे गेले, रतन त्यांच्याकडेही कामाला होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आमची चांदीची वाटी कोणी नेली?

शनिवारी ये. त्यांच्याकडे पुन्हा जायचंय, या वेळी दोघांनी.

रागावले तरी तुझीच,
उत्तरा