कॅप्टनचा नट बदलला

३ मार्च, सकाळी ११.२०
माझं आयुष्य बदललं ते आज, पावणेअकराला, झेरॉक्सच्या दुकानात. झेरॉक्सवाली पहिल्यांदाच आपणहून बोलली. मत कुणाला, म्हणाली. मी ताडकन म्हणालो, कॅप्टनला! आठच्या मालिकेतल्या नायिकेने कॅप्टनशी लग्न करावं की वकिलाशी, यावर चॅनलने मतं मागवली आहेत. वकील नुसता खांदे उडवतो. कॅप्टन बुडत्या जहाजावरून तिला फोन करतो. फुल रेंज.
तिचा चेहरा खुलला. म्हणाली, कॅप्टन निवडून आला की माझंही लग्न, घरचे तेवढ्यासाठीच अडून बसलेत.
माझंही! आणि बघत कुणाकडे होती? माझ्याकडे. (दुकानात मी एकटाच होतो.)

४ मार्च
संकल्प: कॅप्टनला पाचशे मतं. शिवाय सरांशी भांडून सोडलेलं कॉलेज पुन्हा सुरू. आधी कॅप्टन.
बहीण म्हणते, अरे वेड्या, मत फोनवरून द्यायचं असतं, दारोदार फिरून नाही. तिला प्रेमातलं काय कळतंय.

७ मार्च
झेरॉक्सवालीने पत्रकांचा गठ्ठा दिला. ‘वॉर्ड सात. कॅप्टनलाच मत. निशाणी शिट्टी.’ चॅनल वॉर्डवार मोजतंय तर. शिस्त आहे. फोटो मात्र भलत्याचाच. टक्कल, जाड भिंगाचा चष्मा.
नट बदलला! मागच्या महिन्यात नायिकेची आई बदलली, तेव्हा घरात कुणी हूं की चूं केलं नाही. मीही करणार नाही.

१२ मार्च
न्हाव्याने विचारलं, तुमचा कॅप्टन गटारांचं काय करणार? म्हटलं, समुद्राला पुरून उरलेला माणूस तो, गटार काय चीज आहे! शब्दाला शब्द वाढला. अर्ध्या दाढीनिशी उठलो.

१८ मार्च
मत दिलं. शाळेत रांग, पोलीस, बोटाला शाई. चॅनलने खर्चात कसर ठेवलेली नाही. बाबा म्हणाले, गाढवा, ही वॉर्डाची निवडणूक आहे. बाबा मालिका बघतच नाहीत.

१९ मार्च, दुपारी ४
कॅप्टन आला! एका मताने! माझ्याच!
धावत दुकानात गेलो. नवा नट तिथेच, तिच्या शेजारच्या स्टुलावर. शाळेत फुटबॉलचा कॅप्टन होता, तेव्हापासून सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात म्हणे. तिने त्याला सांगितलं, हेच ते, घरोघर फिरले तुझ्यासाठी. मग माझ्याकडे वळून, दादा, तुम्ही नसता तर आमचं लग्न झालंच नसतं.
दादा.
लग्नपत्रिकेच्या झेरॉक्स काढत होती. पहिली मला दिली. गरम होती.

४.४०
मालिका, प्रेम, लोकशाही, सगळं बंद. कायमचं.

५.१०
बहीण बाहेरून हाका मारतेय. मालिकेचा खास भाग, कॅप्टनचं लग्न, ये लवकर. विचारलं, नट कोणता? म्हणाली, कोणता म्हणजे? नेहमीचाच. केस आहेत की त्याला.
निघालो. कुठे ते ठरलेलं नाही. दार असं आपटणार की अख्ख्या वॉर्डाला कळेल.
बाबा सोफ्यावर झोपलेत. हळूच लावतो.