फाटकाबाहेरचं जेवण

प्रिय डेलराव,

व्याह्याच्या नावापुढे ‘राव’ लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि तुम्ही तर एकोणीस वर्षांत एकदाही मला नावाने हाक मारली नाहीत. कायम ‘मॅम’! मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला तुमच्याशी नीट भांडता आलं नाही. तुम्ही गप्प बसायचात आणि मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

येत्या रविवारी डेकोरेशन आहे. तुमच्या टेनेसीच्या डोंगरातलं ते घरचं कब्रस्तान साफ करायचं, प्रत्येक दगडापाशी फुलं ठेवायची, फौजेत गेलेल्यांपाशी छोटा झेंडा खोचायचा आणि मग तिथेच झाडाखाली सगळ्यांनी जेवायचं. आमच्या नेपरव्हिलहून नऊ तासांचा रस्ता. तिथे तुम्ही नसताना पहिल्यांदाच निघायचंय, आणि निघण्याआधी तुमच्याशी बोलणं भाग आहे.

आपली नात ईरा सैन्यात जायचं म्हणतेय.

सतरा वर्षांची आहे, म्हणून आई-बाप दोघांच्या सह्या लागतात. रसेलने केली. तुमच्या मुलाने तो कागद वाचलासुद्धा नाही, उभ्याउभ्याच सही केली आणि गवत कापायला गेला. माझ्या अनघाने केलेली नाही. चार दिवस कागद जेवणाच्या टेबलावर पडलाय आणि आम्ही सगळे किचनमध्ये उभ्याने जेवतोय.

“आई, तू बोल ना तिच्याशी,” अनघा म्हणते. “माझं काही ऐकूनच घेत नाही. मी काही म्हटलं की रसेल उठून जातो. आय अॅम सो टायर्ड, आई.”

मी बोलले. ईरा हसून म्हणाली, “आज्जी, इट्स इन माय ब्लड. ग्रँडपा वुड हॅव साइन्ड इट.”

यावर मी काय बोलायचं, सांगा ना! मला ठाऊक आहे तुम्ही काय केलं असतंत. मला एकटीलाच ठाऊक आहे, आणि तुम्ही माझ्या तोंडाला कुलूप घालून गेलात.

तुम्हाला तुमच्या घरचं ते थँक्सगिव्हिंगचं जेवण आठवतं? टेबलाभोवती तुमचे सगळे भाऊबंद, भिंतीवर जिमीचा युनिफॉर्ममधला फोटो. तुमचा थोरला भाऊ, व्हिएतनामहून पेटीतून आलेला. कोणीतरी निवडणुकीचा विषय काढला आणि मी, निवृत्त मास्तरीण, गप्प कशी बसणार? विचारलं, “लढाईत पोरं तुमचीच मरतात. मग लढाईची भाषा करणाऱ्यालाच तुम्ही मत का देता?”

तुम्ही म्हणालात, “मॅम, थोडे बटाटे घ्या.”

मला वाटलं, उत्तर नाही म्हणून विषय बदलला. किती शहाणी समजत होते मी स्वतःला!

उत्तर तुम्ही सहा महिन्यांनी दिलंत, डेकोरेशनला. माझं ते पहिलंच. सकाळभर मी तुमच्या बहिणींबरोबर पालापाचोळा गोळा केला, फुलं ठेवली, सगळं हौसेने केलं. पण मग झाडाखालच्या टेबलांवर कापडं अंथरली, चिकनचे डबे उघडले, मक्याचा पाव आला, माझी बटाट्याची भाजी आणि पुऱ्यासुद्धा मांडल्या, आणि मी मागे सरले. स्मशानात जेवायचं? आमच्याकडे तिथून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय कोणी पाण्याला शिवत नाही. मी हळूच फाटकाबाहेर जाऊन गाडीला टेकून उभी राहिले. बायका कुजबुजल्या. त्यांना वाटलं, हिला आपलं अन्न चालत नाही, आपली माणसं चालत नाहीत. अनघाचं तोंड एवढंसं झालं.

तुम्ही दोन कागदी ताटल्या घेऊन बाहेर आलात. तुमच्या पिकअप ट्रकची मागची फळी पाडलीत, एक ताटली माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, “इथून पुढे कब्रस्तान नाही, मॅम. इथे चालतं का?”

चाललं. दोन पुऱ्या, भाजी, आणि केळ्याचं ते गोडगोड पुडिंग.

मग तुम्ही बोललात. बोललात इंग्रजीत, मला आठवतं मराठीत. म्हणालात, आमचे लोक मूळचे स्कॉटलंडचे. तिथून राजाने आयर्लंडला नेऊन वसवलं, कारण सीमेवर उभी करायला माणसं हवी होती. तिथे पोट भरेना म्हणून समुद्र ओलांडला, तर इथेही डोंगरातली सीमाच वाट्याला आली. आमच्या मागे बसलेले लोक सुखाने झोपायचे आणि आम्हाला रानटी म्हणायचे. “आम्हाला लढायची हौस आहे असं तुम्हाला वाटतं. हौस नाही, सवय आहे.”

मी म्हटलं, “सरकारवर तुमचा काडीचा विश्वास नाही आणि सरकारने बोलावलं की पहिले तुम्ही!”

“सरकारसाठी कोण जातंय?” तुम्ही म्हणालात. “शेजारचा गेला म्हणून आपण जातो. तो जाऊन आपण घरी बसलो, तर रविवारी चर्चमध्ये त्याच्या आईशेजारी बसायचं कसं?”

“आणि मत?”

तुम्ही चिकनचं हाड ताटलीत ठेवलंत. “जो माझी कीव करत नाही, त्याला देतो. तुमच्या बाजूची माणसं मला समजून घ्यायला येतात, मॅम. डॉक्टर येतो तशी.”

मला ते लागलं. खरं सांगू? मी तशीच आले होते.

आणि मी कोण मोठी सांगणारी? आमच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. माझे थोरले मामा सुट्टीवर आले की आम्ही मुली त्यांच्या ट्रंकेभोवती नाचायचो. आजीने त्यांना कधी ‘जाऊ नको’ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ते तिला म्हणता येत नव्हतं, हे मला तुमच्या ट्रकवर बसल्यावर कळलं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का नाही, कोण जाणे.

त्या वेळी आत ईरा झेंडे वाटत पळत होती. पाच वर्षांची, दोन शेंड्या, मूठभर झेंडे. एकेका दगडापाशी बसून मन लावून खोचत होती. तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “रसेलचा कागद आला तेव्हा मी वाचला नाही. माझ्या वेळी माझ्या बापाने वाचला नव्हता. सही केली आणि कामाला गेलो. तो इराकहून आला, पण दाराकडे पाठ करून आजही बसत नाही. मी ‘थांब’ म्हणायला हवं होतं. त्या पोरीने तिथे दगडाखाली जाऊ नये, मॅम. हिच्या वेळी कोणीतरी ‘थांब’ म्हणावं.”

आणि लगेच माझा दंड धरलात. एवढ्या वर्षांत तेवढा एकदाच. “हे रसेलला कळू देऊ नका. मी त्याला पाठवलं. आता ते चूक होतं म्हणालो, तर त्याने तिथे घालवलेल्या वर्षांचं काय करायचं त्याने?”

मी शब्द दिला. बारा वर्षं पाळला.

आता माझा राग ऐका. जानेवारीत ईराने तुम्हाला फोनवर हा बेत सांगितला, तेव्हा तुम्ही ‘थांब’ का नाही म्हणालात? “दॅट्स फाइन, हनी,” एवढंच म्हणालात, आणि पोरीने तो आशीर्वाद समजून उराशी धरलाय. त्याच फोनवर तुम्ही मला बोलवायला सांगितलं होतंत. मी वर होते, गुडघा दुखत होता, जिना उतरायचा कंटाळा केला. म्हटलं, “त्यांना सांग, उद्या करते.” तो उद्या राहून गेला. फेब्रुवारीत तुम्ही गेलात. काय सांगणार होतात मला, डेलराव? शब्दातून सोडवणार होतात? की पुन्हा बजावणार होतात?

रोज सकाळी चहा गाळताना हेच डोक्यात असतं. बोलले तर रसेल मोडेल. नाही बोलले तर पोर तुमचं नाव घेऊन जाईल, आणि ते नाव खोटं असेल. मी दमलेय हो. एक मेलेलं आणि तीन जिवंत माणसं सांभाळायचं माझं वय नाही राहिलं.

काल रसेल माझ्या औषधांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून देत होता, दर रविवारी भरतो तसा, भिंतीला पाठ लावून. मी सहज विचारलं, “कागद वाचलास का रे?” त्याने डबीचं झाकण लावलं. म्हणाला, “डॅडने वाचला नव्हता, आई.” मला तो आईच म्हणतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? मग खाली बघत म्हणाला, “मला वाटायचं, त्यांनी वाचावा.”

तेव्हा माझं ठरलं.

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडणार आहे. रविवारी आधी रसेलला एकट्याला सांगेन, त्याच फाटकाबाहेर, त्याच ट्रकच्या फळीवर बसून, आणि तुम्ही त्याच्यासाठीच बारा वर्षं गप्प होतात हेही सांगेन. मग ईराला. तो कागद ईरा, रसेल आणि अनघा, तिघांनी मिळून अक्षर न् अक्षर वाचायचा, मगच अनघा ठरवेल. पोरगी तरीही गेली, तर तिला सोडायला मी जाईन, आणि तिच्या जाण्याची कोणी कीव केली तर आधी माझ्याशी गाठ आहे. पण ‘थांब’ हा शब्द तिने एकदा तुमच्या तोंडचा म्हणून ऐकल्याशिवाय नाही.

आणि अजून एक. या वेळी माझी ताटली मी आत आणणार आहे. तुमच्या नव्या दगडाशेजारी बसून जेवेन. तुमच्यासाठी दोन पुऱ्या जास्तीच्या करतेय.

तुमची विहीण,
नलिनी