पुढचा ब्रेक

अप्पा, औशाला किल्ल्यामागच्या माळावर तुम्ही मला मोटरसायकल शिकवलीत तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करायची तर गाडी आलीच पाहिजे, असं तुमचंच म्हणणं. घरात बाकी कुणाला ते पटलेलं नव्हतं. तुम्ही लाइनमन, खांबावरून उतरलेल्या कपड्यांनीच मागं बसायचात आणि पुढं हात घालून माझी उजव्या हाताची बोटं मुठीवर दाबून धरायचात. "पुढच्या ब्रेकला हात लावायचा न्हाई. पायानं थांबायचं. पुढचा दाबला की पलटी खातीस." एकदा मी तो दाबला. चाक वाळूत, हँडल वळलेलं. मी गाडीसकट आडवी झाले. कोपर सोललं होतं, पण तुम्ही आधी गाडी उचललीत आणि तिथं उभ्या असलेल्या माणसांसमोर मला बोललात, सांगितलेलं ऐकायचं नसेल तर घरी बसून भाकरी थाप म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढच्या ब्रेकची तार ढिलीच करून टाकलीत. मग लिव्हर दाबली तरी ती नुसती मुठीला टेकायची, गाडीला काही होत नसे. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा लातूरहून मला हेल्मेट आणून दिलंत. स्वतःला मात्र घेतलं नाहीत.

आता मी भोकरला आहे. सकाळी लसींचा डबा मागं बांधते आणि पाच-सहा गावं करून येते. त्यातल्या दोनच गावांना एसटी जाते, तीही जनावरं चरायला सुटल्यावर. म्हणजे गाडी सोडायची सोय नाही, आणि दिवाळीनंतर गाडीवर बसवतही नव्हतं. दिवाळीच्या सुमारास सरळ रस्त्यावर पुढचा कापसाचा टेम्पो अचानक थांबला. माझा पाय जोरात ब्रेकवर गेला, मागचं चाक घसरलं, गाडी आडवी होत होत टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली. उजव्या हाताची बोटं मुठीवरून हललीही नव्हती. लागलं कुठंच नाही. पण त्या दिवसापासून पुढं काही मोठं दिसलं की मानेला घाम सुटतो. टेबलाचं काम मिळावं म्हणून अर्ज केला, तो तसाच परत आला. आणि त्याच आठवड्यात लेक म्हणाली, आई, मला गाडी शिकव, नांदेडला कॉलेजला मी गाडीनंच जाणार. नाही कसं म्हणणार? तुम्हीही मला नाही म्हणाला नव्हतात. आणि शिकवायचं तर काय? माझ्याकडं तुमची एकच गोष्ट होती, पायानं थांबायचं.

तेव्हा लेकीनंच मोबाइलवर शोधलं, की गाडी येणाऱ्यांनाही पुन्हा शिकवणारे वर्ग असतात. तिनं तीन काढून दिले आणि मी तिघांनाही फोन केले. पुण्याचा वर्ग शर्यतीच्या मैदानावर होता. गाडी त्यांची, अंगात घालायचा चामड्याचा पोशाखही त्यांचा. मी म्हटलं, मला वेग नको आहे, मला थांबायला शिकायचंय. ते पुन्हा मैदानाचंच सांगू लागले. हैदराबादच्या माणसानं प्रमाणपत्राचं सांगितलं, शेवटच्या दिवशी सगळे मिळून लांब फिरायला जातात त्याचंही सांगितलं. तिसरा नांदेडजवळ, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. सैन्यातून निवृत्त झालेले एक सर शिकवतात. त्यांनी काहीच सांगितलं नाही, उलट मलाच विचारत राहिले: गाडी कोणती, रस्ता कसा, मागं वजन किती, घाबरलात तेव्हा नेमकं काय झालं. शेवटी म्हणाले, स्वतःचीच गाडी घेऊन या, डबाही बांधून आणा. मी तिथं नाव घातलं.

आम्ही आठजण होतो, बाई मी एकटीच. सरांनी दोन डबे ठेवून रेषा आखली आणि म्हणाले, नेहमीसारखं थांबून दाखवा. मी पायानं थांबले. गाडी रेषा ओलांडून कितीतरी पुढं गेली. सर चालत आले, खाली बघून म्हणाले, "ताई, तुमची गाडी थांबत नाही, घसरून राहिली." मी वळून पाहिलं. काँक्रीटवर मागच्या चाकाची एकच काळी सरळ रेघ उमटली होती.

अप्पा, ती रेघ मी आधी पाहिली होती. लातूरजवळ मुरुडच्या रस्त्यावर तुमच्या गाडीला ट्रॅक्टर आडवा आला आणि तुम्ही गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या जागेवर गेले होते. अशीच एक रेघ, सरळ ट्रॉलीपर्यंत. लोक म्हणाले, ब्रेक तर दाबला होता बिचाऱ्यानं. तेवढ्यावर मी इतकी वर्षं समाधान मानलं.

मग सरांनी दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू आवळत दाबायला शिकवलं. मुठीवरची बोटं उघडेचनात. दहा-बारा वेळा जमलं नाही. जमलं तेव्हा गाडी रेषेच्या अलीकडंच उभी राहिली, आणि मला आनंद व्हायचा तो झाला नाही. मी सरांना विचारलं, पुढचा दाबला की पलटी होते म्हणतात ते? ते म्हणाले, वाळूत, हँडल वळलेलं असताना खरंय. सरळ कोरड्या रस्त्यावर त्याच ब्रेकनं जीव वाचतो. म्हणजे तुम्ही अर्धंच खरं सांगितलंत, आणि अर्ध्यानंच गेलात.

पुढच्या तुकडीत लेकीचं नाव घातलंय. मी रोज सकाळी रस्ता मोकळा असताना दोनदा-तीनदा थांबून बघते. परवा रस्त्यात म्हैस आली तर आधी पायच गेला, बोटं मागून आली. अजूनही कुणीतरी ती दाबून धरल्यासारखी वाटतात.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, लेकीलाही नाही. एवढंच सांगायचं राहिलं. त्या दिवशी वर्गात जेवताना सरांनी एकेकाला विचारलं, गाडी कुणी शिकवली. कुणी भावाचं नाव घेतलं, कुणी मामाचं. मी म्हटलं, कुणी नाही, माझी मीच शिकले. तुम्हाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून तसं बोलले, अशी घरी येईपर्यंत मनाची समजूत घालत होते. ते खरं नाही, अप्पा. मला तुमचा राग आला होता.