अळू कुणाच्या पाण्यावर

सातपूर,
२२ एप्रिल १९८१

प्रिय विमल,

सप्रेम जयभीम. पंधरा दिवसांपूर्वी मी तुला कार्ड टाकलं की आईचे गुडघे धरलेत, तेव्हा पहिलं बाळंतपण सासरी नांदगावलाच होऊ दे. त्यावर तुझं एका ओळीचं उत्तर आलं, 'बरं नाना, आईला जपा.' ते कार्ड मी दोन दिवस खिशात घालून कारखान्यात नेलं आणि परत आणलं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. माझ्या त्या कार्डाकडे येतो, पण आधी इथली हकीकत ऐक, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही.

आपले घरमालक गोटीरामभाऊ तुला ठाऊकच आहेत. मूळचे घोटीकडचे, धो धो पावसातले, त्यामुळे पाण्याचं बिल येतं हेच त्यांना अजून पटलेलं नाही. होळीच्या सुमारास ते बिल एकदम दुप्पट आलं. भाऊंनी सरळ हिशेब मांडला, खोल्या त्याच दहा, माणसं तीच, म्हणजे चाळीतल्या बायका पाणी सांडतात. पुरावाही त्यांच्या घरालाच लागून होता. त्यांच्या मागच्या भिंतीला त्यांच्याच घरच्या साळूवहिनींचं अळू आहे ना, ऐन चैत्रात त्याला सुपाएवढी पानं! अळू मोरीच्या सांडपाण्यावर वाढतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. भाऊ एकेकाला तिथं नेऊन म्हणायचे, "मी कशाला बोलू? आळूच बोलतंय. लय पानी सांडता तुमी." कुणाला तोंड वर करता येईना, कारण त्या अळूच्या वड्या सगळ्यांनीच खाल्ल्या होत्या.

मग नियम निघाला. टाकीच्या नळाला कुलूप, सकाळी तासभर उघडायचं, माणशी दोन हंडे, आणि माणसं मोजायची रेशनकार्डावरून. यशोदाबाईंचा दीर गावाहून आला, तर बिचाऱ्याला अंघोळीला कॅनॉलवर पिटाळलं. बायकांची धुणीही तिकडेच जाऊ लागली. पाण्याला कुणी माप लावलं की माझं डोकं लवकर तापतं. आपल्या माणसांनी त्या बाबतीत काय काय पाहिलंय, ते तुला आज्यानं सांगितलेलं आहे. पण इथं नियम सगळ्यांना सारखा होता, भाऊ स्वतःही चारच हंडे घ्यायचे, म्हणून मी गप्प बसलो. दिवसभर कारखान्यात इन्स्पेक्शनला बसून मी दुसऱ्याचं काम मोजतो, केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतो. आणि घरच्या पाण्याचं मात्र दुसऱ्यानं सांगितलं तेच खरं धरलं.

शंका आली ती अळूनंच. तीन आठवडे मोरी कोरडी, तिच्यात चिमण्या धुळीत लोळायला लागल्या, पण अळूचं एक पान मान टाकेना. शिवाय मोरीचा उतार नाल्याकडे, अळू भलत्याच अंगाला. पाणी काही चढ चढून वहिनींच्या वड्यांसाठी जाणार नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या सावळीरामच्या पोरीच्या लग्नाला अख्खी चाळ गेली. मला दुपारची पाळी, म्हणून सकाळी मी घरीच. टाकी काठोकाठ भरलेली, नळाला कुलूप, किल्ली भाऊंच्या बंडीच्या खिशात, तीही लग्नाला. फाटकाजवळच्या मीटरपाशी पाट टाकून बसलो. अर्धा तास घड्याळ लावून पाहिलं, बारका काटा फिरतच होता. म्हणजे पाणी मीटरमधून निघत होतं आणि टाकीत पोचत नव्हतं. मधला पाइप जातो तो नेमका त्या अळूखालून.

भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "नाना, मीटर पिसाळलं आसंल." साळूवहिनी अळूला हात लावू देईनात. शेवटी भाऊंनीच पहार घेतली, हातभर खणलं, तर पाइपाचा सांधा सडलेला, आणि पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या धोतरावर. पहार खाली टाकून म्हणाले, "म्हंजी माझंच पानी, आन् चोर तुमी व्हय?" त्याच ओल्या धोतरानं ते दहाही दारी जाऊन चुकलो म्हणून आले. माणूस अडाणी हट्टाचा, पण खोटा नाही. पाइप बदलला, कुलूप निघालं. अळू आता माना टाकायला लागलंय, आणि वहिनी त्याला मुद्दाम तांब्याभर पाणी घालतात.

आता तुला टाकलेल्या त्या कार्डाचं. भाऊंनी रेशनकार्ड मागितलं तेव्हा मीच काढून दिलं होतं. त्यावर तीन नावं, तिसऱ्यावर तांबडी रेघ. तुझं लग्न झाल्यावर आठ दिवसांत मीच रेशनिंगच्या कचेरीत जाऊन ती मारून आणली होती, काम तुंबवायचं नाही म्हणून. भाऊ म्हणाले, दोन मान्सं, चार हंडे. मी हो म्हणालो. तुझ्या आईनं त्यांना विचारलं, लेक बाळंतपणाला येईल, तिच्या न्हाण्याला, बाळाच्या दुपट्यांना पाणी लागेल. ते म्हणाले, कार्डावर नाव असंल तर देऊ. पुन्हा विचारायला मला लाज वाटली, आणि माहेरी पाणी नाही असं तुला लिहायला त्याहून जास्त. म्हणून गुडघ्यांची थाप मारली. तुझ्या आईचे गुडघे ठणठणीत आहेत. परवा जावईबापूंचं पत्र आलं, की आठव्या महिन्यातही तू आडाचं पाणी शेंदतेस. पाण्यापायी मी तुला तिथं राहा म्हणालो, पोरी. मला माफ कर आणि ये. गाडीचा दिवस कळव, मी नाशिकरोडला उभा असेन. काल भाऊंनी हसत विचारलं, "नाना, आता घरात मान्सं किती?" मी चार म्हणालो. तुझी आई आतून ओरडली, तीनच सांगा, चौथ्याचं आधी बोलू नये. पंधरा दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा एवढं बोलली.

वाट पाहणारा, तुझाच
नाना